सोलापूर ते फ्रँकफुर्ट: माइल्सवर अपग्रेड आणि तिकिटावरचं एक अक्षर

हाइमटेक्स्टिल हे नाव सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना नवं नाही. घरगुती कापडाचं हे प्रदर्शन दर जानेवारीत फ्रँकफुर्टला भरतं. २०२६ साली ते १३ ते १६ जानेवारीला होतं, म्हणजे ऐन गड्ड्यात, सिद्धेश्वरांच्या जत्रेत. इकडे नंदीध्वज निघायचे आणि तिकडे स्टॉल लावायचा. या खेपेला एकाच विमानानं निघालेल्या चौघांपैकी दोघं बिझनेसमध्ये आडवे होऊन गेले, दोघं इकॉनॉमीतच बसले. माइल्स, म्हणजे विमान कंपनीच्या खात्यात जमणारे पॉइंट, चौघांकडेही पुरेसे होते. फरक पडला तो तिकीट काढलं त्या दिवशी. पुढच्या जानेवारीसाठी बेत आखणाऱ्यांनी हे पक्कं डोक्यात ठेवावं: अपग्रेड, म्हणजे त्याच तिकिटावर वरच्या वर्गातली जागा, माइल्सवर मिळतं हे खरं, पण ते मिळू शकतं की नाही हे आधी तिकिटावरचं अक्षर ठरवतं.

हे अक्षर म्हणजे बुकिंग क्लास. इकॉनॉमी एकच दिसते, पण आत तिचे दहा-बारा कप्पे असतात. प्रत्येकाला इंग्रजी वर्णमालेतलं एक अक्षर, आणि प्रत्येकाचं भाडं वेगळं. ई-तिकिटावर विमानाच्या नंबरापुढं ‘क्लास’ असं लिहून हे अक्षर छापलेलं असतं. तिथं नुसतं ‘इकॉनॉमी’ लिहिलं असेल तर खाली ‘फेअर बेसिस’ नावाचा अक्षर-आकड्यांचा लांब कोड असतो. त्याचं पहिलं अक्षर बहुधा तेच असतं. सगळ्यात स्वस्त भाड्याला कंपन्या लाइट, बेसिक, स्पेशल अशी नावं देतात, आणि माइल्सनं अपग्रेड बंद असतं ते बहुतेक याच भाड्यावर. सिंगापूर एअरलाइन्सच्या इकॉनॉमी लाइटवर ते होत नाही. ब्रिटिश एअरवेजच्या लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत क्यू, ओ आणि जी ही तीन अक्षरं अपग्रेडला चालत नाहीत. शिवाय तिथं एका वेळी एकच पायरी चढता येते. इकॉनॉमीतून प्रीमियम इकॉनॉमी मिळेल, थेट बिझनेस नाही.

मागे राहिलेल्या दोन तिकिटांचं दुखणं वेगळं होतं. ती गटाच्या भाड्यात काढलेली होती. प्रदर्शनाला जाणारे दहा किंवा जास्त जण एकत्र जमले की एजंट ग्रुप फेअर काढतो. माणशी काही हजार वाचतात, पण त्या भाड्यावर अपग्रेड जवळजवळ कुठेच चालत नाही आणि नाव बदलायचे नियमही वेगळे असतात. तेव्हा ज्यांना माइल्स वापरायचे आहेत त्यांनी गटात तिकीट काढूच नये. हॉटेल, स्टॉलचा माल, जेवणाची सोय हे सगळं गटात करा. तिकीट तेवढं स्वतंत्र.

एजंटकडे जाताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, कुठलं अक्षर हवं. दोन, तिकिटाचे आकडे कुठले हवेत. तिकीट नंबर १३ आकडी असतो आणि त्यातले पहिले तीन आकडे तिकीट कुणी काढलं ते सांगतात: लुफ्थान्सा २२०, एअर इंडिया ०९८, ब्रिटिश एअरवेज १२५, एमिरेट्स १७६, कतार १५७, सिंगापूर ६१८. विमान एका कंपनीचं आणि तिकीट दुसरीच्या नंबरावर, असा कोडशेअरचा मामला असला की अपग्रेड बहुतेक वेळा अडकतं. विमान चालवणारी तिकिटाला हात लावत नाही आणि तिकीट काढणारी दुसऱ्याच्या विमानातली खुर्ची देऊ शकत नाही. ज्या कंपनीचे माइल्स, तिचंच विमान, तिचाच विमान नंबर आणि तिचेच तीन आकडे असं जुळलं की निम्मं काम झालं. तिसरी गोष्ट साधी पण सगळ्यात जास्त नडणारी: बुकिंगमध्ये ईमेल आणि मोबाइल तुमचाच घालायला सांगा. सवयीनं एजंट स्वतःचा घालतो. मग वेटलिस्ट मोकळी झाल्याचा निरोप रात्री अकरा वाजता त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर येतो आणि सकाळी तो शटर उघडेपर्यंत तिथंच पडून राहतो.

विमान कंपन्यांच्या एकाच आघाडीतल्या एका कंपनीचे माइल्स दुसरीच्या विमानात अपग्रेडला वापरता येतात हे खरं आहे. स्टार अलायन्समध्ये तशी सोय आहे, आणि एअर इंडिया २०१४ पासून त्या आघाडीत आहे. पण त्यासाठी तिकीट वाय, बी अशा महाग अक्षरातलं लागतं. तेवढे पैसे मोजायचे तर कधी कधी प्रीमियम इकॉनॉमीचं तिकीट सरळ विकत घेणं स्वस्त पडतं. ज्या कंपनीच्या विमानात बसायचं तिचेच माइल्स जमवावेत, हे बरं.

माइल्स कुठून आणायचे याबद्दल फार लिहीत नाही, कारण बँकांचे दर सारखे बदलतात. मात्र क्रेडिट कार्डाचे पॉइंट एकदा विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत. काही ठिकाणी वळायला काही दिवसही लागतात. म्हणून आधी जागा आहे का ते बघावं, मग पॉइंट वळवावेत. कार्डावरचं नाव आणि माइल्सच्या खात्यावरचं नाव अक्षरनअक्षर सारखं हवं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे येतं, कार्डावर नसतं, आणि तिथं व्यवहार फिरतो. मुदतही बघा. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माइल्स ३६ महिन्यांत संपतात. ब्रिटिश एअरवेजच्या माइल्सचं, म्हणजे एव्हिऑसचं, तसं नाही. खात्यात ३६ महिने काहीच हालचाल झाली नाही तरच ते जातात, अधूनमधून थोडे जरी जमा झाले तरी सगळे टिकतात.

आता हिशेब. समजा स्वस्त अक्षर आणि अपग्रेड चालणारं अक्षर यांत १२,००० रुपयांचा फरक आहे, अपग्रेडला ४०,००० माइल्स लागतात आणि वर ५,००० रुपये कर व शुल्क. त्याच विमानाचं बिझनेस तिकीट स्वस्त अक्षरापेक्षा ९०,००० रुपयांनी महाग आहे. तर ९०,००० मधून १२,००० आणि ५,००० वजा करा. उरले ७३,०००. त्याला ४०,००० नं भागलं की माइलमागे एक रुपया ८२ पैसे. हे आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत, तुमचे आकडे घालून बघा. तेच पॉइंट बँक बिलात एक रुपयाला एक अशा दरानं वळते करून देत असेल तर अपग्रेड फायद्याचं. पण हा १२,००० चा फरक बरेच जण धरतच नाहीत आणि मग अपग्रेड ‘फुकट’ मिळालं असं सांगत फिरतात. त्या महाग अक्षराचा दुसरा उपयोग मात्र होतो. त्यात तारीख बदलणं आणि रद्द करणं सोपं असतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तरी आपली मंडळी तो उशिरा करतात आणि पासपोर्ट हातात येईपर्यंत जीव टांगणीला. व्हिसा लांबला तर हेच तिकीट वाचवतं.

जागा. बिझनेसचं तिकीट पैसे देऊन मिळतंय म्हणजे माइल्सवर जागा आहे असं नसतं. माइल्ससाठी कंपनी वेगळा कोटा ठेवते, आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तो आटतो. सुट्टीवर आलेली मंडळी युरोप-अमेरिकेला परत निघालेली असतात, वर प्रदर्शनाची गर्दी. म्हणून तिकीट काढल्याबरोबर अपग्रेडची मागणी लावून वेटलिस्टवर नाव टाकावं. चौघांचा एकच पीएनआर, म्हणजे आरक्षण नंबर, असेल तर आणखी एक अडचण येते. दोनच जागा उघडल्या तर सिस्टिम चौघांनाही नाही म्हणते, कारण ती सगळ्यांना मिळून एकच माणूस समजते. पीएनआर आधीच वेगळे करून घ्या. कंपनीच्या फोनवर ते होतं.

जाताना की येताना? या मार्गावर तरी जातानाच. मुंबईहून थेट विमान मध्यरात्रीनंतर सुटतं आणि सकाळी फ्रँकफुर्टला उतरतं. नऊ-साडेनऊ तासांच्या प्रवासात नीट झोप झाली तर उतरून सरळ स्टॉल लावायला जाता येतं. परतीचं विमान दुपारचं, त्यात पलंगाचं फारसं काम नाही. जर्मनीचा विमान कर अंतरावर ठरतो, वर्गावर नाही, त्यामुळे करानं काही फरक पडत नाही. पण कुणी प्रदर्शनानंतर लंडनला थांबून तिथून परतणार असेल तर ध्यानात ठेवा: ब्रिटनमधून सुटताना लागणारा प्रवासी कर इकॉनॉमीच्या वरच्या वर्गाला दुपटीहून जास्त आहे, आणि माइल्सवर गेलात तरी फरक रोख भरावा लागतो.

सोलापूरकरांना खरा अर्थ सामानात. ७० बाय १४० सेंटीमीटरचा, ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टेरी टॉवेल ४९० ग्रॅम भरतो. असे ४० नग म्हणजे १९ किलो ६०० ग्रॅम. बॅगेचं स्वतःचं वजन साडेतीन किलो धरलं की २३ किलो १०० ग्रॅम. लुफ्थान्साच्या इकॉनॉमीत बॅगेची हद्द २३ किलो, म्हणजे १०० ग्रॅमनं गेलात. ३८ नग घाला, २२ किलो १२० ग्रॅमवर काटा थांबतो. त्याच कंपनीच्या बिझनेसमध्ये प्रत्येकी ३२ किलोच्या दोन बॅगा चालतात, म्हणजे सॅम्पलचा प्रश्नच मिटला. पण अपग्रेड झाल्यावर सामानाची हद्द वरच्या वर्गाची लागते की मूळ तिकिटाची, हे कंपनीगणिक बदलतं. त्यावर तोंडी विश्वास ठेवू नका. नव्या ई-तिकिटावर सामानाच्या रकान्यात ‘१ पीसी’ (एक बॅग) आहे की ‘२ पीसी’ ते वाचा, आणि त्यावरच बॅगा भरा.

नवं ई-तिकीट हा शब्द मुद्दाम वापरला. अपग्रेड मंजूर झाल्याचा मेल आला, माइल्स वजा झाले, म्हणून काम झालं असं नाही. तिकीट नव्यानं निघालं पाहिजे आणि त्यावरचं अक्षर बदललेलं दिसलं पाहिजे. आरक्षण वरच्या वर्गात आणि तिकीट जुन्याच, अशी फारकत राहिली की काउंटरवर अर्धा तास जातो. तिकीट नव्यानं निघताना दोन गोष्टी गळतात. निवडलेली खिडकीची जागा जाते, आणि तिचे वेगळे भरलेले पैसे बहुधा परत मिळत नाहीत. दुसरं म्हणजे जेवण. ए-व्ही-एम-एल म्हणजे भारतीय शाकाहारी आणि व्ही-जे-एम-एल म्हणजे जैन. ही नोंद पुन्हा करावी लागते आणि विमान सुटायच्या निदान २४ तास आधी. केली नाही तर बिझनेसच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर पाव, सॅलड आणि फळं एवढ्यावर रात्र काढावी लागते.

वेळेचा घोळ इथंच होतो. ११ जानेवारीच्या पहाटेचं विमान म्हणजे १० तारखेच्या रात्रीच विमानतळावर पोचायचं. २४ तासांची मुदत मोजायची ती १० च्या पहाटेपासून मागे. म्हणजे जेवण, अपग्रेडची शेवटची खटपट हे सगळं ९ तारखेच्या रात्री झोपायच्या आधी उरकायचं.

सोलापूर ते मुंबई. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली याचा आनंद आहेच. पण सॅम्पलच्या बॅगा असतील तर या प्रवासाला रेल्वेच बरी. मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर असतं. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण १५ किलो सामान फुकट, पुढच्या तिकिटावरची दोन बॅगांची सवलत इथं लागत नाही. विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं तर कुणी जबाबदारीही घेत नाही. १० तारखेला शनिवार होता. सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी वंदे भारत दुपारी साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला पोचते. ती सोलापूरहून गुरुवारी नसते, एवढं बघून तारीख धरा. सीएसएमटीवरून मेट्रोच्या ॲक्वा लाइननं थेट विमानतळाच्या टी-२ स्टेशनला उतरता येतं. हा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला आणि दोन बॅगा घेऊन दादरचा पूल चढायची पाळी टळली. मधल्या वेळेसाठी एखादी खोली आधीच बघून ठेवा. दिल्लीमार्गे जायचा मोह जानेवारीत टाळा. धुक्यात विमानं अडकतात आणि जोडविमान गेलं की त्याच्याबरोबर अपग्रेडही जातं. नव्या विमानात वेटलिस्ट पुन्हा शून्यापासून.

काउंटर उघडल्याबरोबर जा. अपग्रेड अजून वेटलिस्टवर असेल तर नाव यादीत आहे ना ते विचारा आणि बॅगा इकॉनॉमीच्या हद्दीतच ठेवा. बोली लावून जागा घ्यायची सोयही बऱ्याच कंपन्या देतात. बोली माणशी आणि एका टप्प्याची असते, आणि मंजूर झाली तरच कार्डावरून पैसे कापले जातात. माइल्सची वेटलिस्ट आणि बोली दोन्ही एकदम लावायच्या असतील तर कंपनीला चालतं का ते आधी विचारा.

फ्रँकफुर्टला उतरल्यावर एस-८ किंवा एस-९ लोकलनं मुख्य स्टेशन, तिथून एस-३ ते एस-६ पैकी कुठलीही गाडी ‘मेसे’ला, म्हणजे प्रदर्शनाच्या मैदानाला, थांबते. बोर्डिंग पासचा तुकडा टाकू नका. अपग्रेडच्या प्रवासाचे माइल्स बहुतेक कंपन्या मूळ इकॉनॉमीच्या अक्षरावरच देतात, आणि तेही कधी कधी जमा होत नाहीत. मग तो तुकडा आणि तिकीट नंबर लागतो.

परतताना विमान मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरतं. सोलापूरची वंदे भारत सीएसएमटीहून दुपारी चारनंतर सुटते, बुधवारी नसते. गड्ड्याच्या दिवसांत सोलापूरकडच्या गाड्या भरून येतात, म्हणून परतीचं रेल्वे तिकीट विमानाच्या तिकिटाआधी बघा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ती तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.