वाळुंज, नोंद 14 : बेटावर बाई कुठून आली?

मंडळी, तीन आठवडे गप्प होतो. सांगण्यासारखं फारसं नव्हतं, आणि जे होतं ते सांगायची लाज वाटत होती. ब्लॅकवुडच्या 'द विलोज' या इंग्रजी भयकथेच्या माझ्या मराठी भाषांतराचा दुसरा खर्डा सहा पहिल्या वाचकांकडे गेला, हे मागच्या नोंदीत लिहिलंच होतं. सहाही जणांनी वाचला. त्यातल्या चौघांनी, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, मला एकच प्रश्न विचारला : "ती बाई कोण?"

कथेत दोघे जण डॅन्यूब नदीतून कॅनूने जाताना वाळुंजांनी, म्हणजे विलोच्या झुडपांनी, भरलेल्या एका बेटावर मुक्काम करतात. ब्लॅकवुडच्या त्या बेटावर बाई नाही. निनावी निवेदक आहे, त्याचा स्वीडिश सोबती आहे, लांबून होडीतून जाताना छातीवर क्रूस काढणारा एक माणूस आहे, प्रेसबर्गच्या दुकानात भेटलेला हंगेरियन अधिकारी आहे आणि शेवटी मुळांत अडकलेलं एक प्रेत आहे. ते प्रेतही पुरुषाचंच. मराठीत डॅन्यूब नदी म्हणून बाई झाली ती सोडली, तर 1907 सालच्या या अख्ख्या कथेत बाईचा मागमूस नाही. माझ्या खर्ड्यात मात्र पान 19 पासून ती हिंडत होती. एका वाचकाने तर समासात "हडळ?" लिहून प्रश्नचिन्हाला दोनदा गोल केलं होतं.

चूक कुठे झाली ते कळायला दोन दिवस लागले. कळल्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

त्या बेटावर जे काही आहे त्याला इंग्रजीत नुसतं 'दे' म्हटलंय. ना नाव, ना लिंग, ना धड आकार. मराठीत हे चालत नाही, पहिल्याच क्रियापदाला लिंग ठरवावं लागतं. पहिल्या खर्ड्यात मी 'ते' घेतलं होतं, तेव्हा तुमच्यातल्याच एकाने "हे दरोडेखोर वाटतात" असा शेरा मारला होता, आणि तो बरोबर होता. 'ते आले' म्हटलं की मिशा दिसायला लागतात. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मोठ्या अकलेने नपुंसकलिंगी केलं. मुलं, झाडं, जनावरं यांच्यासाठी वापरतो तसं 'ती'. 'ती जवळ आली होती.' 'ती तंबूभोवती फिरत होती.' मला वाटलं, काय सुंदर! माणूस नाही, बाई नाही, नुसतं काहीतरी.

आता तीच दोन वाक्यं डोळे मिटून पुन्हा ऐका. भूतकाळात मराठीला नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन यांत काडीचा फरक नाही. मुलं आली, मुलगी आली. झाडं हलत होती, फांदी हलत होती. मला दिसत होता अदृश्यांचा थवा आणि वाचकाला दिसत होती एकटी बाई, रात्री, नदीकाठी, केस मोकळे सोडून. भीती वाटली म्हणतात. वाटणारच, पण ती ब्लॅकवुडची नव्हे.

घाईने 'ते'वर परत जायचं ठरवलं आणि इथे हात पोळले. संगणकावर 'शोधा आणि बदला' चालवलं : 'ती'च्या जागी 'ते'. सगळीकडे. एका दमात. लेखनाच्या त्या प्रणालीला (नाव घेत नाही, फुकटची आहे, फुकटच्या घोड्याचे दात मोजू नयेत) शब्दाचा शेवट आणि सुटा शब्द यांतला फरक देवनागरीत कळत नाही. 'भीती'ची 'भीते' झाली, 'रेती'ची 'रेते', आणि एका वाक्यात तर निवेदकाचा पाय ओल्या 'माते'वर घसरला. भयकथेत 'भीती' हा शब्द किती वेळा येतो ते मला आता नेमकं माहीत आहे, कारण प्रत्येक ठिकाणी हाताने दुरुस्त केलाय. कागदावर छापून, तांबडी पेन्सिल घेऊन बसा. दुसरा उपाय नाही. यांत्रिक भाषांतराचंही एकदा मत घेतलं. त्याने न बिचकता सगळीकडे 'ते' दिलं आणि वर बेटावरच्या 'त्यांना' आदराने 'आपण' म्हणून संबोधलं.

कंटाळून तो भाग बाजूला ठेवला आणि दुसरीकडचं वाक्य साफ करायला घेतलं. प्रसंग तुम्हाला आठवत असेल. दुसऱ्या संध्याकाळी शेकोटीपाशी स्वीडिश सोबती निवेदकाला बजावतो, की त्यांचा उल्लेख शक्यतो टाळ, त्यांना नाव देऊ नको, मनातसुद्धा आणू नको. नाव दिलं की ठावठिकाणा उघडा पडतो. आपण दुर्लक्ष केलं तरच त्यांचं आपल्याकडे दुर्लक्ष होईल.

हे लिहिताना हात थांबला. सलग चार वाक्यं मराठीत उतरली होती आणि त्यांत 'ते', 'ती', 'त्या' यांतलं एकही नव्हतं. त्यांचा, त्यांना, त्यांचं. या रूपांना लिंगच नाही! बायका असोत, बाप्ये असोत, बोरीबाभळी असोत, प्रत्यय लागला की सगळ्यांचं 'त्यां' होतं. सकर्मक क्रियापद भूतकाळात असेल तर कर्ताही त्यातच सापडतो. 'त्यांनी पाहिलं.' कोणी पाहिलं? मराठी सांगत नाही. इतके दिवस ज्या भाषेला मी शिव्या घालत होतो तिच्यात दडून बसायला हवी तेवढी जागा होती.

मग नियम केला : बेटावरचं जे काही आहे ते प्रथमेत येणार नाही. कधीच नाही. 43 जागा निघाल्या. काही सहज वळल्या. 'ती जवळ आली होती'चं 'त्यांना आपला माग लागलाय' झालं, आणि खरं सांगतो, हे जास्त भीतिदायक आहे. आधीच्या वाक्यात नुसतं चालणं होतं, आता शोधणं आलं. काही जागांनी मात्र घाम काढला. अकर्मक क्रियापदं सगळी वैरी. 'फिरत होती' कसं टाळणार? 'त्यांचं फिरणं सुरू होतं' म्हणजे सरकारी अहवाल. शेवटी कर्ताच काढून टाकला : 'तंबूभोवती चाहूल होती.' वाळुंजांच्या झुडपांतून आभाळाकडे चढत जाणाऱ्या त्या आकृत्यांच्या प्रसंगात निदान नामाचा आधार आहे. तिथे 'आकार' हा एकच शब्द घट्ट धरला आणि सर्वनाम येऊच दिलं नाही. चार ओळींत तीनदा 'आकार' येतो. शाळेत बाईंनी 'पुनरुक्ती' म्हणून लाल रेघ मारली असती. मारू देत.

सगळ्यात मोठं बक्षीस शेवटच्या पानांत मिळालं. बेटावरून सुटका का झाली ते सोबती सांगतो, ते कथेचं बिजागर असलेलं वाक्य : 'त्यांना आपल्या जागी दुसरा बळी सापडला.' इथे काही वळवावंच लागलं नाही. आपसूक बसलं.

नवा खर्डा परत सहाजणांकडे. बाई गेली. सहापैकी कोणालाच दिसली नाही. त्या रात्री मी स्वतःला दुसरा कप चहा पाजला.

पण एका ताईंनी (मंडळातल्या सगळ्यात शंकेखोर, म्हणून सगळ्यात उपयोगी) 'त्यांनी आपल्याला ऐकलंय' याच्यासमोर लिहून पाठवलं : "कोणी? सासऱ्यांनी?" हसून पोट दुखलं, आणि मग जाणवलं की मुद्दा खराच आहे. 'त्यांनी' हे आदरार्थीही आहे. घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव न घेता बोलतात तसं ते वाटतं. दोन दिवस यावर झुरलो. मग वाटलं, असू दे की. नाव टाळून आदराने बोलायचं ते धाकापोटीच. रात्री सापाला साप न म्हणता लांबडं म्हणणाऱ्या भाषेत हा सूर परका नाही, आणि सोबत्याला नेमकं हेच हवंय. ताईंना तसं कळवलं. त्यांचं उत्तर : "पहिल्यांदा हसू येतं. पाचव्यांदा येत नाही." इतकी चांगली पावती मला आजवर मिळालेली नाही.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. सोबती भान हरपून नदीकडे धावतो तेव्हा 'त्यांच्याकडे' आत जाण्याबद्दल बरळतो. तिथे इंग्रजीत 'देम'चं पहिलं अक्षर मोठं आहे. देवनागरीत मोठं अक्षर नाही. ठळक टाइप करून पाहिला, जाहिरात वाटली. अवतरणचिन्हं घातली तर उपरोध वाटतो. सध्या शब्दाआधी एक मोकळी ओळ सोडली आहे. कोणाला काही सुचत असेल तर कळवा.

बाकीच्या प्रतिक्रिया थोडक्यात. सुरुवातीबद्दल तक्रार कायम आहे. जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनच्या उगमापासून नदीचं जे लांबलचक वर्णन येतं, त्यावर दोघांनी "अजून काहीच घडत नाही" लिहिलं. गेल्या वर्षी मी हेच ऐकून ती पानं छाटली होती, आठवतंय? तेव्हा कोणीच घाबरलं नव्हतं. नदी आधी गमतीची, खोडकर सोबतीण म्हणून पाच-सात पानं ओळखीची व्हावी लागते, तेव्हाच ती पुढे अनोळखी होते. ब्लॅकवुड स्वतः कॅनूतून डॅन्यूब उतरला होता, त्यावर 1901 साली 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये त्याचा लेखही आला होता. ते पाणी त्याच्या हातांना ठाऊक होतं. अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टने 1927 च्या आपल्या दीर्घ निबंधात ब्लॅकवुडच्या कथांमध्ये हिला सगळ्यात वरचं स्थान दिलं, आणि हिच्यात ओढूनताणून आणलेली एकही जागा नाही असं म्हटलं. मी त्याच्या बाजूने आहे. पानं राहतील.

नकाशावेड्या वाचकाने उपग्रहाच्या चित्रांत बेट शोधायचा प्रयत्न केला. प्रेसबर्ग म्हणजे आजचं ब्रातिस्लाव्हा, तिथून खाली. पण 1992 मध्ये गाब्चिकोवो जलविद्युत प्रकल्पासाठी नदीचं बरंचसं पाणी कालव्यात वळवलं गेलं, त्यामुळे कथेतला तो पुरात फुगलेला, बेटं गिळणारा पसारा आज तसा दिसणार नाही. त्याला वाईट वाटलं. मला उलट बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

पाणमांजर! हा छोटा विजय मला मिरवायचाच आहे. आरंभी पाण्यात उलटंपालटं होत जाणारं काहीतरी दिसतं. आधी माणसाचं प्रेत वाटतं, मग ते ऑटर निघतं. अगदी शेवटच्या वाक्यात खरं प्रेत त्याच चालीने वाहून जातं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (1857 ची आवृत्ती, आजही तिला तोड नाही) दोन रात्री काढल्या. 'ऊद' म्हटलं तर धुपाचा वास येतो, 'पाणमांजर' म्हटलं तर 'मांजर' ऐकून हसतात. शेवटी पाणमांजरच ठेवलं. पहिल्यांदा हसले तर हसू देत. दोन्ही जागी 'उलटंपालटं होत' हे शब्द हुबेहूब तेच ठेवले आहेत. एका वाचकाने शेवटच्या ओळीखाली काहीच लिहिलं नव्हतं, फक्त पहिल्या जागेचा पानक्रमांक टाकला होता.

तो काशाच्या थाळीसारखा, कधी आभाळातून तर कधी पाण्याखालून येणारा आवाज : 'गुणगुण' रद्द, 'घुमणं' पक्कं. अंगात आलेला माणूसही घुमतो, हा फायदा फुकटात.

आता खरं तर यानंतर ब्लॅकवुडचीच 'वेंडिगो' ही कथा हातात घ्यायची ठरली होती. पण हे लिहिता लिहिताच एक कल्पना सुचली आणि अर्धी नोंद टाकून मी खर्डा उघडला. इंग्रजी 'वुई'ला मराठीत दोन दारं आहेत : आपण आणि आम्ही. सोबती कथाभर निवेदकाशी बोलताना 'आपण' म्हणतो : आपण इथून निघू, आपल्याला थांबायला हवं. तो नदीकडे ओढला जातो त्या क्षणी त्याच्या तोंडी 'आम्ही' घातलं तर? 'आम्ही निघालो.' म्हणजे तो आणि ते. निवेदक बाहेर. एका शब्दात माणूस पलीकडच्या काठावर. लिहिलं आणि अंगावर काटा आला. ताबडतोब ते एकच पान ताईंना पाठवलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं : "काटा आला. पण हे मुळात आहे का?"

मूळ पुन्हा उघडून पाहिलं. नाही. तिथे तो फक्त पाण्याच्या आणि वाऱ्याच्या वाटेने जाण्याबद्दल बरळतो, 'आम्ही' असं काही म्हणत नाही.

काढून टाकलं. म्हणजे खर्ड्यातून काढलं. छापील प्रतीच्या समासात पेन्सिलीने अजून आहे. वेंडिगो लांबणीवर, आधी तंबूवरच्या त्या टपटपीला शब्द शोधायचाय. 'टपटप' म्हटलं की सगळ्यांना पाऊसच ऐकू येतो.