आमची वाटचाल : शिफारसपट्टीचे वाचनालय

आमच्या वाचनालयात ऐतिहासिक कादंबऱ्यांचे कपाट दर्शनी भागात आहे आणि त्यातही प्रेमकथेच्या अंगाने जाणाऱ्या कादंबऱ्या सहज हात पोचेल अशा खणात आहेत, हे पाहून काही पाहुणे अजूनही भुवया उंचावतात. वैचारिक ग्रंथ पुढे हवेत, असा सल्ला मला गेली कित्येक वर्षे मिळत आला आहे, आणि तो देणाऱ्यांपैकी फारच थोडे वर्गणीदार झाले. हे कपाट मी लावलेले नाही. ते सभासदांनी एकमेकांना पुस्तके सुचवून लावलेले आहे आणि आमचा धंदा उभा राहिला तो त्याच्याच जोरावर.

डोंबिवली पूर्वेला १९८६ साली बाहेरच्या खोलीत दोन लोखंडी घोडे आणि रद्दीवाल्यांकडून निवडून आणलेली पुस्तके एवढ्या भांडवलावर आम्ही सुरुवात केली. त्या वर्षीच्या सभासदांत एक बाई होत्या, ज्या मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्याचे काम करीत. पाळी संपवून लोकलने परतताना त्या स्टेशनवरून थेट आमच्याकडे येत, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटर बाई म्हणत. त्यांचा सभासद क्रमांक २१२. पुस्तक परत करताना त्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एखादे वाक्य लिहीत. पुस्तकावर लिहिणाऱ्या सभासदाला आम्ही दंड करीत असू; परंतु पुढचा वाचक ते वाक्य वाचूनच पुस्तक घरी नेतो, हे लक्षात आल्यावर मी तेथे आखीव कागदाची एक पट्टी चिकटवू लागले. तिच्यावर सभासदाने फक्त आपला क्रमांक आणि एक ओळ लिहायची, शेवट फोडायचा नाही, एवढाच नियम. हीच आमची शिफारसपट्टी.

ऑपरेटर बाईंची वाचनाची रीत निराळी होती. रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ ची आणि ना. सं. इनामदार यांची 'राऊ' १९७२ ची, त्यामुळे बहुतेक वाचक 'स्वामी'पासून आरंभ करीत. बाईंचे म्हणणे असे की, प्रकाशनाची सालें बाजूला ठेवून पेशवाईच्या क्रमाने वाचावे. आधी 'राऊ', कारण बाजीराव १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले तरी त्यांची आणि मस्तानीची कथा तेथे संपत नाही. त्यांचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपताच्या रणात जखमी होऊन पुढे मरण पावला. त्यानंतर 'शिकस्त', म्हणजे त्याच युद्धावरून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत हे मान्य न करणाऱ्या त्यांच्या पत्नी पार्वतीबाई. आणि शेवटी 'स्वामी', कारण त्याच वर्षी सोळाव्या वर्षी गादीवर बसलेले माधवराव आणि रमाबाई यांच्या संसारावर पानिपताची सावली पहिल्या पानापासून आहे, ती आधीची दोन वाचली तरच दिसते. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, तरीही 'स्वामी'च्या पट्टीवर २१२ क्रमांकापुढे लिहिलेले होते : "शेवट ठाऊक आहे म्हणून सोडू नका. रविवारी सकाळी संपवा, रात्री नको." या एका ओळीने ते पुस्तक किती घरांत गेले असेल, याचा हिशेब माझ्या तारखेच्या शिक्क्यालाच माहीत.

जाड कादंबरी चालवायची तर बांधणी स्वतःच्या हातात हवी. बाजारातून येणारे पुस्तक बहुधा पाठीला नुसता गोंद लावलेले असते आणि पाचशे-सहाशे पानांचा तो ऐवज दहा घरे फिरला की मधूनच सुटू लागतो. म्हणून आमच्याकडे नवे पुस्तक आधी बाइंडिंगच्या टेबलावर जाते आणि मगच कपाटात. गिरगावातल्या एका छापखान्यातून निवृत्त झालेले बाइंडर मामा सुरुवातीला आमचे भागीदार होते. आरी, दाभण, हाडाची पट्टी आणि बिडाचा शिकंजा ही हत्यारे त्यांचीच. मूळ मुखपृष्ठ अलगद सोडवायचे, पाठीजवळ आरीने भोके पाडायची, मेण लावलेला दुहेरी दोरा ओवायचा, पाठीला मांजरपाट खळीने चिकटवायचा आणि रात्रभर शिकंज्यात दाबायचे. खळ मैद्याची आणि तीत चिमूटभर मोरचूद. मोरचूद विसरलात तर एका पावसाळ्यात कसर पाठ खाऊन टाकते. ज्यांना वाचनालय काढायचे आहे त्यांना माझे सांगणे आहे की, पुस्तकाला प्लास्टिकचे चकचकीत वेष्टन घालण्यावर पैसे घालवू नका. कोकणपट्टीच्या हवेत त्याच्या आत ओल धरते आणि पाने एकमेकांना चिकटतात. दोन भागांची कादंबरी एकाच वेळी एकाच घरी देऊ नका, हेही जाता जाता सांगून ठेवते.

दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका आली तेव्हा आमची वर्गणीची वही भरून वाहिली. त्यानंतरची वर्षे बरी गेली. जागा वाढली, मुले मोठी झाली.

मग स्टेशनजवळ ते दुकान उघडले. त्याचे नाव मी घेणार नाही, गावाला ते ठाऊक आहे. काचेचा दरवाजा, वातानुकूलन, संगणकावर नोंद, डिपॉझिट नाही आणि महिन्याला हवी तितकी पुस्तके! तेवढ्यावर माझे काही म्हणणे नव्हते; ज्याच्याकडे पैसा आहे त्याने दरवाजा काचेचा करावा. परंतु दुकान उघडण्याच्या आधी त्यांचा एक माणूस आमचा सभासद झाला होता आणि तो पुस्तके घरी न नेता कपाटापाशी उभा राहून छोट्या वहीत काही उतरवून घेत असे. अभ्यासू दिसतो म्हणून मी त्याला स्टूल दिले. आमच्याकडे घरपोच पिशवी घेऊन जाणारा मुलगाही पुढे त्यांच्याकडेच गेला. उद्घाटनानंतर आमचे जुने सभासद तेथून येऊन सांगू लागले की, तेथील प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीवर छापील स्टिकर आहे आणि त्यावर "आमची शिफारस" या मथळ्याखाली आमच्याच पट्ट्यांवरची वाक्ये आहेत.

त्या काळात जवळजवळ निम्मे सभासद गेले. अप्पा बळवंत चौकातल्या ज्या विक्रेत्याकडून आम्ही उधारीवर माल उचलत असू, त्याने रोख मागितली. एका दिवाळीला नवे पुस्तक एकही आले नाही आणि मी दिवाळी अंकांवर दिवस काढले. बाइंडर मामा तोवर थकले होते आणि आपला वाटा मागत होते. तो देण्यासाठी घरातले सोने मोडावे लागले. वकिलाकडे जाऊन आले, तर त्यांनी विचारले की, पेन्सिलीच्या ओळीवर तुमचा हक्क कसा सिद्ध करणार? गावातल्या ज्या मंडळींनी आमच्याकडे वर्षानुवर्षे फुकट वर्तमानपत्र वाचले, त्यांनीही यात पडायला नको असे ठरवले. ही गोष्ट मी विसरलेले नाही.

त्यांनी वाक्ये उतरवली, क्रमांक मात्र उतरवले नाहीत. आमच्या सभासदाला ठाऊक असे की, २१२ ला विरहाची कथा आवडते आणि ३४० ला लग्नाने शेवट झालेला लागतो. त्यामुळे "अप्रतिम" हा शब्द कोणी लिहिला आहे ते पाहून तो पुस्तक उचले किंवा ठेवून देई. तेथे सगळ्यांचे "अप्रतिम" एका मापाचे झाले. सुखान्त हवा असलेल्या नव्या नवरीच्या हाती 'शिकस्त' पडली आणि तिने ती दुसऱ्याच दिवशी परत केली, हे तिनेच मला येऊन सांगितले. शिवाय पुस्तके गोंदाच्या बांधणीतच फिरवल्यामुळे त्यांच्याकडील 'राऊ'च्या प्रतींची मधली पाने गळू लागली. काही वर्षांनी दुकान बंद झाले आणि पुस्तके वजनावर विकली गेली. त्यांतली काही मी रद्दीवाल्याकडून घेतली. 'स्वामी'च्या एका प्रतीवर स्टिकर होता : "शेवट ठाऊक आहे म्हणून सोडू नका. रविवारी सकाळी संपवा, रात्री नको." मी तो काढला नाही. खाली लाल शाईने २१२ घातले आणि प्रत शिवून कपाटात लावली.

२०१५ मध्ये बाजीराव-मस्तानीवरचा हिंदी चित्रपट आला आणि 'राऊ'साठी पुन्हा रांग लागली. काशीबाई आणि मस्तानी यांचे एकत्र नृत्य कोणत्या पानावर आहे, असे विचारणारेही आले. त्यांना मी सांगे की, मस्तानीविषयी अस्सल कागद मुळातच थोडे आहेत, कादंबरीकाराने त्यांतल्या मोकळ्या जागा भरल्या आणि चित्रपटवाल्यांनी त्याहून जास्त भरल्या, तेव्हा वाचून पाहा. बरेचजण वाचून 'शिकस्त' मागायला आले, कारण 'राऊ'च्या पट्टीवर शेवटी तसेच लिहिलेले आहे.

कॉलेजच्या मुलींनी अलीकडे जॉर्जेट हेयर यांच्या इंग्रजी कादंबऱ्या सुचवायला सुरुवात केली आहे. १८११ ते १८२० या काळात तिसऱ्या जॉर्ज राजाच्या आजारपणामुळे त्याचा मुलगा इंग्लंडचा कारभार पाहत होता; हेयर यांच्या पुष्कळ कथा त्या काळातल्या. मला आधी वाटले होते की, आमच्या वयाच्या बायका त्यांना हात लावणार नाहीत. पण स्थळाची मिळकत किती, मुलीला काय देणार आणि मावशीच्या देखरेखीखाली कोण कोणाशी बोलले, यांवरच सगळे कथानक चालते म्हटल्यावर त्यांना परके असे काही वाटले नाही. ऑपरेटर बाई आता मुलाकडे ठाण्याला राहतात आणि पुस्तके नातीच्या हाती मागवतात. हेयर यांच्या एका कादंबरीवर त्यांनी लिहून पाठवले आहे : "लग्न होते. तरी वाचावे."

सध्या 'शिकस्त'च्या दोन्ही प्रती बाहेर आहेत; ज्यांना हवी असेल त्यांनी टेबलावरील वहीत क्रमांक लावावा. सोमवारी वाचनालय बंद असते.