पुठ्ठ्याआडचा निळा ठोकळा

"मॅडम, हा भरपूर बोलतो. पण आमच्याशी नाही, आमच्यासमोर." आईने खुर्चीत बसता बसता सांगितलं. स्पीच थेरपिस्ट म्हणून मी रोज पालकांचं ऐकते, पण इतकं नेमकं वर्णन क्वचितच कानावर येतं. ते मी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

मुलगा सात वर्षांचा. शब्दसंग्रह, वाक्यरचना, सूचना समजणं, सगळ्यात वयाच्या पुढे. वर्गशिक्षिकेची चिठ्ठी मात्र 'उलट बोलतो, मित्र नाहीत' म्हणत होती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या, मुलांचा संवाद तपासणाऱ्या ७० विधानांच्या प्रश्नावलीतही हीच तफावत उतरली होती: भाषा पक्की, तिचा वापर कच्चा. पण गुणांवरून गाडी नेमकी कुठे अडते ते कळत नाही.

सकाळभर तो शेजारी बसलेल्या आईला विचारत होता, "आम्ही घरी कधी जायचं?" तिथे 'आपण' हवं. ऐकणारा आपल्यात धरायचा की नाही, हे मराठीत एका शब्दात ठरतं आणि इंग्रजीवरून बेतलेल्या चाचण्यांत त्याला जागाच नसते. म्हणून मी अशा गोष्टी वहीच्या समासात टिपून ठेवते.

मग पडद्याचा खेळ काढला. टेबलावर मधोमध पुठ्ठा उभा, दोन्हीकडे सारखेच सहा ठोकळे. एकाने रचत रचत सांगायचं, दुसऱ्याने न बघता तसंच रचायचं.

"हा इकडे ठेवा."

"कुठला?"

"हा!"

"इकडे म्हणजे कुठे?"

"इकडे!"

तो बोटाने दाखवत होता आणि बोट पुठ्ठ्यामागे होतं. 'मला समजलं नाही' असं मी तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा तेच वाक्य आलं, फक्त आवाज चढला. चौथ्यांदा त्याने तोंडच फिरवलं.

'समोरच्याला काय माहीत आहे याचा अंदाज घेता येत नाही', असं मी लिहायलाही घेतलं होतं. ती घाई होती. वाक्य अर्धवट सोडून मी म्हटलं, "आता मी सांगते. हा घे, तिकडे ठेव."

तो थांबला. स्वतःच्या ठोकळ्यांकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं, खुर्चीवर गुडघे टेकून उंच झाला. "मला तुमचा हा दिसत नाहीये!"

मी गप्प राहिले. या कामात सगळ्यात अवघड काही असेल तर ते हेच. मदत जिभेच्या टोकावर असते आणि ती गिळावी लागते. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "रंग सांगा ना."

माहिती कुठे कमी पडतेय, ते त्याला बरोबर कळलं होतं. पुन्हा त्याची पाळी आली तेव्हा: "निळा. मोठा निळा. तुमच्या लालच्या वर." तुमच्या! ते अर्धं वाक्य मी खोडलं आणि लिहिलं, 'ऐकणाऱ्याच्या जागी बसवल्यावर लगेच सुधारणा'.

एका खेळावरून निदान होत नाही. मैदानावरच्या गोंगाटात पुठ्ठा नसतो आणि विचार करायला कुणी वेळही देत नाही. मधल्या सुट्टीत त्याला पाहणं बाकी होतं. सामाजिक संवादाचा विकार २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत स्वतंत्रपणे नोंदलेला आहे, पण ते नाव देण्याआधी ऑटिझम नाही ना, हे तपासावंच लागतं. त्या दिवशी मी कुठलंच नाव दिलं नाही.

जाण्याआधी माझ्या खुर्चीत आईला बसवलं. त्याने एकेक ठोकळा सांगितला आणि मग विचारलं, "आई, तुझं कसं दिसतंय?" समोरच्याबद्दल त्याने विचारलेला दिवसभरातला हा पहिला प्रश्न.

"पिवळा उरलाय रे माझ्याकडे. तो कुठे ठेवू?"

"अरे हो, ते राहिलंच," तो म्हणाला. "तुझ्या निळ्याच्या शेजारी. खिडकीच्या बाजूला."