विंड म्हणजे वारा, पण कुठला वारा?

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात इंग्रजी वाक्प्रचारांची यादी असते ना, डावीकडे वाक्प्रचार आणि उजवीकडे अर्थ, त्या यादीवर माझा मनापासून राग आहे. माझी भाची सध्या बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतेय आणि तिच्या पुस्तकात विंड या एकाच शब्दाचे ढीगभर वाक्प्रचार सलग छापलेत, थ्री शीट्स टू द विंड म्हणजे दारू चढलेला, सेल क्लोज टू द विंड म्हणजे धोका पत्करणे, गेट विंड ऑफ म्हणजे कुणकुण लागणे, पाठ करा आणि पेपर झाला की विसरा. वाऱ्याचा आणि दारूचा संबंध काय हे कुणी सांगतच नाही. तो एकदा कळला की पाठ करायची गरजच उरत नाही, म्हणून तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची. वाफेची जहाजं येईपर्यंत इंग्लंडचा दर्यावरचा व्यापार काय, लढाई काय, सगळं वाऱ्यावर अवलंबून. लंडनला अ‍ॅडमिरल्टी म्हणजे नौदलाचं जुनं मुख्यालय आहे, तिथल्या बोर्डरूमच्या भिंतीवर घड्याळासारखी एक तबकडी आहे आणि ती छपरावरच्या वारा दाखवणाऱ्या बाणाला जोडलेली आहे. बैठकीला बसलेल्यांना जागेवरून कळायचं वारा कुठून येतोय, कारण आपली जहाजं बाहेर पडू शकतील का आणि शत्रूची पडू शकतील का हे त्यावरच ठरायचं. पुढे 1805 मधे फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याच्या जोराची 0 ते 12 अशी मोजपट्टी केली, ती आजही हवामानाच्या बातम्यांत वापरतात, पण सुरुवातीला तिच्यात ताशी किती मैल वगैरे काही नव्हतंच, या वाऱ्यात जहाज किती शिडं उभारू शकेल हेच माप होतं. 12 म्हणजे असा वारा की कुठलंच शीड टिकणार नाही.

आता ते दारूवालं घ्या. सगळा घोळ शीट या शब्दाचा आहे. आपल्याला वाटतं शीट म्हणजे चादर, म्हणजे शीडच असणार. नाही. जहाजावर शीट म्हणजे दोर, शिडाचं खालचं टोक ताणून धरणारा दोर. तो सुटला की शीड वाऱ्यावर नुसतं फडफडतं, जहाजाला जोर मिळत नाही, आणि असे तीन दोर सुटले तर जहाज कसं चालेल? झोकांड्या खात. बंदरावरच्या दारूच्या दुकानातून परत येणारा माणूस खलाशांनी बरोब्बर ओळखला. 1820 च्या दशकात हा वाक्प्रचार छापील सापडतो आणि तेव्हा तो इन द विंड असा होता, टू द विंड नंतर झालं. थोडीशीच चढली असेल तर नुसतं अ शीट इन द विंड म्हणायचे, एकच दोर सुटलाय! मला हे हिशेबीपण फार आवडतं.

सेल क्लोज टू द विंड चा अर्थ पुस्तकात धोका पत्करणे दिलाय तो अर्धवट आहे. शिडाचं जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही, तिरकं जावं लागतं, आणि चौकोनी शिडांच्या जुन्या जहाजांना तर वाऱ्याच्या दिशेपासून साधारण 65-70 अंश लांब राहावं लागायचं. त्या मर्यादेला जितकं चिकटून जाल तितका रस्ता जवळचा पडतो पण सुकाणू जरा चुकलं की शिडं लटपटायला लागतात. म्हणजे हा नुसता धोका नाही, नियमाच्या काठाकाठाने, नियम न मोडता पण मोडायच्या बेतात जाणं. म्हणूनच इंग्रजीत हा बहुतेक वेळा कायद्याच्या बाबतीत येतो, कर वाचवणारा व्यापारी, हद्दीवर खेळणारा वकील. आणि ती मर्यादा ओलांडली तर वारा समोरून शिडावर आदळतो, शीड उलटं डोलकाठीला चिकटतं आणि जहाज जागच्या जागी थबकतं, याला म्हणायचं टेकन अबॅक. आज तो शब्द वापरताना कुणाला जहाज आठवत नाही पण एखादं वाक्य ऐकून माणूस जसा बोलता बोलता थांबतो ना, तेच ते. बाय अँड लार्ज सुद्धा इथलंच, बाय म्हणजे वाऱ्याला चिकटून, लार्ज म्हणजे वारा मागून घेऊन, दोन्ही तऱ्हेने चालवलं तरी, म्हणजे एकंदरीत.

टेक द विंड आउट ऑफ समवन्स सेल्स, याचं आपण हवा काढून घेतली असं करतो आणि तिथे गडबड होते, कारण हवा काढली म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टायर येतो. जहाजाचं तसं नाही. एक जहाज मुद्दाम दुसऱ्याच्या आणि वाऱ्याच्या मधे येतं, त्याच्या वाटचा वारा आपल्या शिडात घेतं, आडोशात सापडलेलं जहाज आपोआप मंदावतं. वारा कुठे गेला नाही, दुसऱ्याने अडवला. म्हणून विरोधी पक्ष ज्या मागणीसाठी मोर्चा काढणार ती सरकारने आदल्या दिवशीच मान्य करून टाकली तर तिथे हा वाक्प्रचार चपखल बसतो.

माझा सगळ्यात लाडका मात्र हा, इट्स अ‍ॅन इल विंड दॅट ब्लोज नोबडी एनी गुड. जॉन हेवूडने 1546 मधे इंग्रजी म्हणी गोळा करून छापल्या त्यात हा आहे, म्हणजे तेव्हाच तो लोकांच्या तोंडी होता. वाचणारे दर वेळी उलटा अर्थ लावतात, वाईट वारा कुणाचंच भलं करत नाही असा. खरा अर्थ असा की ज्याने कुणाचंच भलं होत नाही तो वारा किती वाईट असला पाहिजे, म्हणजेच असा वारा नसतोच, कुणाचं ना कुणाचं भलं होतंच. हे समजायला नकाशा उघडा आणि इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात डील नावाचं गाव शोधा. त्याच्यासमोरच्या समुद्राला द डाउन्स म्हणतात, तिथे शेकडो जहाजं नांगर टाकून उभी असायची, कारण पश्चिमेचा वारा सुटला की लंडनहून निघालेल्यांना इंग्लिश खाडीतून पुढे जाता यायचं नाही, कधीकधी आठवडेच्या आठवडे. त्यांच्यासाठी वाईट वारा. पण तोच वारा अटलांटिकवरून घरी परतणाऱ्यांना मागून ढकलत आणायचा. आणि डीलच्या होडीवाल्यांची तर चंगळ, अडकलेल्या जहाजांना भाजीपाला, पाणी, तुटलेल्या नांगराच्या जागी दुसरा नांगर पोचवणं हाच त्यांचा धंदा. एकच वारा, एकाच दिवशी, तिघांना तीन तऱ्हेचा.

पण विंड दिसला की जहाज शोधायचं असंही नाही. गेट विंड ऑफ शिकारीतला आहे, वाऱ्यावरून हरणाला माणसाचा वास लागतो तो. विंडफॉल बागेतला, वाऱ्याने पडलेलं फळ, वळवाच्या आधीच्या वाऱ्यात अंगणभर कैऱ्या पडतात तशी न मागता झालेली कमाई. आपल्याकडे तेलाचे भाव कडाडल्यावर 1 जुलै 2022 पासून तेल कंपन्यांवर विंडफॉल टॅक्स लावला आणि डिसेंबर 2024 मधे काढला, त्या बातम्यांत हा शब्द रोज येत होता, कष्टाने नाही तर वाऱ्याने मिळालेल्या नफ्यावरचा कर. सेकंड विंड आणि लाँग विंडेड मधे तर वारा नाहीच, श्वास आहे. धावता धावता धाप लागून परत दम येतो तो सेकंड विंड, आणि एका दमात न संपणारं भाषण ते लाँग विंडेड.

विंड ऑफ चेंज पण भाचीच्या यादीत होतं, अर्थ बदलाचे वारे, बस. अहो, त्यामागे पूर्ण आफ्रिका आहे! ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन 3 फेब्रुवारी 1960 ला केपटाऊनला वर्णभेदी सरकारच्या संसदेत उभे राहिले आणि या खंडावरून बदलाचा वारा वाहतोय, आवडो न आवडो तो मान्य करावाच लागेल अशा अर्थाचं बोलले. जानेवारीत घानाच्या अक्रामधे ते हेच बोलले होते तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही, केपटाऊनला ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांच्यासमोर बोलले तेव्हा जगभर झालं. मूळ भाषणात विंड एकवचनी आहे, लोक विंड्स म्हणतात.

आणि भाचीच्या पुस्तकात याच यादीच्या शेवटी वाइंड अप आणि वाइंड डाऊन पण घुसवलेत, ते तिला खोडायला लावले. स्पेलिंग तेच असलं तरी तो वळवणे-गुंडाळणे अर्थाचा वेगळा शब्द आहे, उच्चारही वेगळा, घड्याळाला किल्ली देणं नाहीतर दुकान गुंडाळणं, वाऱ्याशी त्याचं काही नातं नाही.