नात्याच्या यादीत भावजय नाही

चाकण पट्ट्यातली एक लिस्टेड कंपनी. गाड्यांसाठी फोर्जिंगचे, म्हणजे तापवलेलं पोलाद साच्यात दाबून घडवलेले, सुटे भाग बनवते. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांत मोडते, म्हणून सेबीच्या नियमाप्रमाणे तिच्या बोर्डावर किमान एक महिला स्वतंत्र संचालक असावीच लागते. स्वतंत्र म्हणजे मालक घराण्याशी नातं आणि कंपनीशी आर्थिक व्यवहार नसलेली. तशा एकच बाई होत्या. त्यांना परदेशात पूर्णवेळ अध्यापनाचं काम मिळालं आणि त्यांनी राजीनामा दिला. स्वतंत्र संचालकाला राजीनाम्याचं सविस्तर कारण द्यावं लागतं आणि याखेरीज दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही असं लिहून द्यावं लागतं. कंपनीला ते पत्र सात दिवसांत शेअर बाजाराला कळवावं लागतं. ते झालं. जागा रिकामी झाल्या दिवसापासूनच ती भरायचे तीन महिने सुरू झाले होते. मुदत चुकली तर दिवसाला ५,००० रुपये दंड, वर जीएसटी. सलग दोन तिमाह्या चुकली तर प्रकरण शेअरचे व्यवहार थांबवण्यापर्यंत जाऊ शकतं.

मी या कंपनीला बाहेरून सल्ला देते. कंपनी सेक्रेटरीचा व्यवसाय आहे. जागा भरली, फॉर्म गेले, दंड लागला नाही. तरी हे प्रकरण डोक्यातून जात नाही, कारण त्यातली एक गोष्ट अजून अर्धी आहे.

प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभारून तिच्यावर ताबा असलेल्या घराण्याने, पहिलं नाव सुचवलं ते त्यांच्या चुलत वहिनींचं. बाई शिकलेल्या, एका शिक्षण संस्थेचा कारभार वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या. त्यांच्याविषयी वावगं बोलण्यासारखं काहीच नव्हतं. प्रश्न इतकाच होता की त्या ‘स्वतंत्र’ ठरतात का.

बाहेरच्या माणसाला वाटेल, घरातली बाई, म्हणजे विषय संपला. तसा तो संपत नाही. कंपनी कायद्यात ‘नातेवाईक’ कोण याची ठरलेली यादी आहे: पती किंवा पत्नी, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण, आणि एकाच हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य. बस. मेहुणी त्यात नाही, नणंद नाही, जाऊ नाही, भावजय नाही. सेबीने २०१८ मध्ये भर घातली की प्रवर्तक गटातली व्यक्तीही स्वतंत्र संचालक होऊ शकत नाही. त्या गटाच्या व्याख्येत पत्नीची भावंडंही येतात, त्यामुळे मेहुणीची वाट बंद झाली. भावजय तरीही बाहेरच राहिली. सख्खा भाऊ स्वतः प्रवर्तक किंवा संचालक असेल, तर त्याची पत्नी म्हणून ती अडकते. चुलत भाऊ तर कुठल्याच यादीत नाही.

आम्ही सगळं तपासलं. चुलत भावाचं नाव प्रवर्तक गटाच्या भागधारणेत दाखवलंय का? नव्हतं. दोघं एकाच अविभक्त कुटुंबाचे सदस्य आहेत का? हा प्रश्न फार जण विचारतच नाहीत आणि नेमकी तिथेच नेमणूक फसते. या घरात वाटण्या जुन्या होत्या, कागद होते. त्यांचे किंवा त्यांच्या यजमानांचे कंपनीशी आर्थिक व्यवहार? नाहीत. म्हणजे कागदावर त्या स्वतंत्र ठरत होत्या. प्रवर्तकांच्या वकिलांनी तसं मत लेखी दिलंही, आणि ते मत चुकीचं नव्हतं.

नियमाचा इतिहास ठाऊक असलेल्याला यात नवल वाटणार नाही. २०१३ च्या कायद्याने लिस्टेड कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. सेबीने त्यासाठी आधी १ ऑक्टोबर २०१४ ही तारीख दिली आणि मग ती १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवली. शेवटच्या आठवड्यांत अनेक बोर्डांवर प्रवर्तकांच्या पत्नी, मुली आणि सुना आल्या. त्यांतल्या काही खरोखर कर्तबगार होत्या, पण कायद्याचा हेतू घरातलंच आणखी एक मत वाढवण्याचा नव्हता. सेबीने नेमलेल्या उदय कोटक समितीने २०१७ मध्ये ‘महिला’ या शब्दाला ‘स्वतंत्र’ हा शब्द जोडायला सांगितलं, ते यामुळेच. १ एप्रिल २०१९ पासून पहिल्या ५०० कंपन्यांना आणि १ एप्रिल २०२० पासून पहिल्या १,००० कंपन्यांना ते लागू झालं. आता वाट नात्यांच्या यादीतल्या फटीतून काढली जाते.

आमच्याकडे ती फट बंद केली एनआरसीच्या अध्यक्षांनी. एनआरसी म्हणजे संचालकांची निवड आणि मोबदला ठरवणारी समिती. अध्यक्ष निवृत्त बँकर. वकिलांचं मत वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “गोदामाच्या भाड्याचा ठराव पुढच्या तिमाहीत येतोय ना?” कंपनीचं एक गोदाम प्रवर्तकांच्या भागीदारी संस्थेकडून भाड्याने घेतलेलं आहे. अशा संबंधित पक्षांच्या व्यवहारांना ऑडिट कमिटीत, म्हणजे हिशेबांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीत, फक्त स्वतंत्र संचालकांनी मंजुरी द्यायची असते. बाकीच्यांना त्यात मतच नाही. “वहिनींना त्या ठरावावर मत द्यायला लावणं त्यांच्यावरही अन्याय आहे,” असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. नेमणुकीची शिफारस एनआरसीच करते, त्यामुळे तिथे थांबलेलं नाव पुढे गेलं नाही. असे अध्यक्ष थोडे असतात. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर माझ्याकडे थांबवायला एकही कलम नव्हतं.

मग खरा शोध सुरू झाला, आणि तिथे मला राग आला तो सर्च फर्मचा, म्हणजे संचालक शोधून देणाऱ्या संस्थेचा. त्यांच्या पहिल्या यादीत सगळी ओळखीची नावं होती. त्यांतल्या निम्म्या बाई आधीच इतक्या बोर्डांवर की सात लिस्टेड कंपन्यांच्या मर्यादेत जेमतेम एक जागा उरलेली. ३१ मार्च २०२४ ला अनेक जुन्या स्वतंत्र संचालकांची सलग दहा वर्षं एकदम संपली, तेव्हापासून या ठरावीक नावांना मागणी आणखी वाढली आहे. यादीत नवं नाव का नाही, असं विचारल्यावर उत्तर आलं की कंपनीने दिलेले निकषच तसे आहेत.

निकष खरंच तसे होते. एनआरसीने प्रत्येक नेमणुकीआधी बोर्डावर काय आहे, काय कमी आहे हे पाहून भूमिकेचं लेखी वर्णन तयार करायचं असतं. दोन पानांचा कागद, पण सगळी निवड तिथेच ठरते. कंपनीने तो जुन्या फाइलमधून उचलला होता: ‘लिस्टेड कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकपदाचा किमान दहा वर्षांचा अनुभव’. आपल्याकडे या पदावर दहा वर्षं काढलेल्या, प्रवर्तक घराबाहेरच्या बाई किती? ही एक ओळ लिहिली की बाकीच्या सगळ्या जणी मुलाखतीआधीच बाद होतात, आणि मग ‘योग्य महिला मिळत नाहीत’ असं म्हणायला सगळे मोकळे.

आम्ही तो कागद नव्याने लिहिला. वार्षिक अहवालात संचालकांच्या कौशल्यांचा तक्ता छापावाच लागतो, तो समोर ठेवला. वित्त, बँकिंग, कायदा या रकान्यांत खुणांची गर्दी. ‘उत्पादन आणि कारखाना’ या रकान्यात प्रवर्तकांशिवाय कुणीही नाही. फोर्जिंगच्या कंपनीत! मग वर्णन असं झालं: अवजड उत्पादनात वरिष्ठ जबाबदारी, गुणवत्ता किंवा पुरवठा साखळीचा अनुभव, स्वतःच्या विभागाचा नफातोटा सांभाळलेला, वर्षाला बोर्ड आणि कमिट्यांसाठी द्यावा लागणारा वेळ अमुक. आधी संचालक असण्याची अट काढली. कायद्यात ती नाहीच. स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेत नाव हवं आणि दोन वर्षांत ऑनलाइन चाचणी ५० टक्के गुणांनी पास व्हावी लागते. संचालकपदाचा किंवा ठरावीक वरिष्ठ पदांचा पुरेसा अनुभव असणाऱ्यांना चाचणीतूनही सूट आहे.

या कागदावर नावं मिळाली. एक चार्टर्ड अकाउंटंट बाई सर्वांना पसंत होत्या, पण त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वीपर्यंत कंपनीच्या ऑडिट फर्ममध्ये भागीदार होते. मागच्या तीन आर्थिक वर्षांत तसं नातं असेल तर चालत नाही. त्या बाद. निवड झाली ती ट्रॅक्टर उद्योगात आधी फोर्ज शॉप आणि नंतर खरेदी सांभाळून निवृत्त झालेल्या इंजिनिअर बाईंची. त्यांची जुनी कंपनी आपली मोठी गिऱ्हाईक नाही ना, हे विक्रीच्या खातेवहीतून पडताळून घेतलं.

त्यांची मुलाखत मला अजून आठवते. त्यांनी वार्षिक अहवाल आधीच मागवून घेतला होता आणि भंगार विक्रीच्या टिपेवर पेन्सिलीने खूण केली होती. फोर्जिंगमध्ये साच्याबाहेर दाबली जाणारी कड, म्हणजे फ्लॅश, कापून टाकतात. त्यात पोलादी बारची टोकं आणि बाद झालेले नग मिळवले की भागाच्या आकारानुसार १५ ते ३० टक्के पोलाद भंगारात जातं. त्या म्हणाल्या, “फ्लॅश आणि टोकं मिळून २० टक्केच धरले आणि भंगाराला पोलादाच्या निम्माच भाव धरला, तर वापरलेल्या पोलादाच्या किमतीच्या दहा टक्के तरी भंगारातून परत यायला हवेत. तुमचा आकडा बराच कमी दिसतो. काट्यावर माल कोण मोजतं? आणि दर किती दिवसांनी ठरतो?”

सीएफओंनी, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखांनी, सांगितलं, वार्षिक करार आहे, एकच खरेदीदार. त्यावर त्या म्हणाल्या, “भंगाराचा भाव दर आठवड्याला हलतो. वर्षाचा करार असेल तर तो भावाशी जोडलेला हवा.” यात कुणावर आरोप नव्हता. कमी आकड्याला साधं कारणही असू शकतं. काही गिऱ्हाइकं पोलाद स्वतः पुरवतात आणि भंगाराचा हिशेब वेगळा राहतो. पण हा प्रश्न त्या बोर्डावर तोवर कुणी विचारलेला नव्हता, कारण विचारता येईल असं कुणी तिथे नव्हतं.

कागदपत्रांची गोष्ट सविस्तर सांगते, कारण पहिल्यांदा संचालक होणाऱ्या बाईंना ती हमखास अडवते. डिन म्हणजे संचालक ओळख क्रमांक. चालू कंपनीत येणाऱ्याला तो डीआयआर-३ फॉर्म भरून मिळतो आणि त्याला बोर्डाचा ठराव जोडावा लागतो. नाव पॅनशी अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. या बाईंच्या पॅनवर माहेरचं नाव, पत्त्याच्या पुराव्यावर सासरचं, पदवीवर माहेरचं. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, त्यामुळे तीन कागदांवर दोन बाया दिसतात. शिवाय फॉर्ममध्ये वडिलांचंच नाव लागतं. बाई विवाहित असल्या तरी पतीचं चालत नाही. घाईत पतीचं नाव घालून फॉर्म परत आलेले मी पाहिले आहेत. आम्ही विवाह नोंदणीचा दाखला जोडून आधी पॅन दुरुस्त करून घेतलं, मग त्याच नावाची डिजिटल सही, मग डिन, मग डेटाबँक, आणि शेवटी डीआयआर-२ संमतिपत्र, अपात्र नसल्याचं डीआयआर-८, इतरत्र असलेल्या हितसंबंधांचं एमबीपी-१ आणि स्वतंत्र असल्याचं घोषणापत्र. हा क्रम उलटा केला की नाव न जुळल्यामुळे डिजिटल सही अडते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. तीन महिन्यांतले कितीतरी दिवस एकट्या पॅनने खाल्ले. ज्या बाईंना पुढेमागे बोर्डावर जायचं आहे त्यांनी पॅन, आधार, पासपोर्ट आणि डिजिटल सही एकाच नावावर आज आणून ठेवावी. कुणी विचारेपर्यंत थांबू नये.

पुढचं ठरलेल्या वाटेने झालं. बोर्डाने त्यांना अतिरिक्त संचालक म्हणून नेमलं, शेअर बाजाराला वेळेत कळवलं, ३० दिवसांत नेमणूक कळवणारा डीआयआर-१२ फॉर्म गेला. स्वतंत्र संचालकासाठी विशेष ठराव लागतो आणि तोही तीन महिन्यांत किंवा पुढच्या सर्वसाधारण सभेत, जे आधी येईल तेव्हा. आम्ही पोस्टल बॅलट काढला, म्हणजे सभा न घेता भागधारकांचं मत मागवलं. ई-मतदान ३० दिवस चाललं, निकाल दोन कामकाजी दिवसांत जाहीर केला. नोटिशीत बहुतेक कंपन्या ‘समृद्ध अनुभव’ असले गुळमुळीत शब्द घालतात. आम्ही कौशल्यांच्या तक्त्यातला रिकामा रकाना आणि त्यांचं काम शेजारी शेजारी छापलं. विरोधात पडलेली मतं नगण्य होती.

अर्धं राहिलं ते कमिट्यांचं. नेमणुकीच्याच सभेत त्यांना सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, कमिटीवर घेतलं. ऑडिट कमिटीचा विषय निघाला तेव्हा प्रवर्तकांच्या बाजूने आक्षेप आला की त्या सीए नाहीत. हा आक्षेप टिकत नाही. नियमाप्रमाणे कमिटीतल्या एका सदस्याला हिशेबाचं किंवा वित्त व्यवस्थापनाचं तज्ज्ञ ज्ञान हवं, आणि ते बँकर अध्यक्षांकडे आहे. बाकीच्यांना ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि रोख प्रवाह वाचता आले की पुरे. मुलाखतीत त्यांनी ताळेबंदाच्या टिपेतूनच प्रश्न काढला होता. तरी विषय ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवला गेला. गोदामाच्या भाड्याचा ठराव दरम्यान मंजूर झाला, त्यांच्या मताशिवाय. बाजारभावाचा अहवाल जोडलेला होता आणि मंजुरीत त्रुटी नाही. पण ज्या टेबलावर त्यांच्या नेमणुकीचा खरा उपयोग होता, तिथे त्या नव्हत्या. महिला संचालक सीएसआरवर आणि पुरुष ऑडिटवर ही वाटणी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिला आता योगायोग म्हणवत नाही. तिमाही अहवालात मात्र ‘महिला स्वतंत्र संचालक: होय’ एवढीच नोंद जाते.

एनआरसीच्या अध्यक्षांनी मला पुढच्या सभेसाठी ऑडिट कमिटीच्या फेररचनेचा मसुदा करायला सांगितलं. तो केला आहे. ठरावाखालच्या टिपणात वित्तीय साक्षरतेची व्याख्या नियमातल्या शब्दांत घातली आहे आणि भंगार विक्रीच्या कराराचं नूतनीकरण त्याच सभेच्या अजेंड्यावर फेररचनेनंतर घ्यावं असं सुचवलं आहे. अजेंडा सभेच्या सात दिवस आधी सर्वांकडे जाईल.