हनोईचं वान म्येऊ : दगडावर कोरलेले निकाल

हनोईत एकच जुनी वास्तू बघण्याइतका वेळ असेल, तर वान म्येऊला जा. नकाशात ते ‘टेंपल ऑफ लिटरेचर’ या नावाने सापडतं. ली थान तोंग या राजाने १०७० मध्ये चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियससाठी हे मंदिर बांधलं आणि सहाच वर्षांनी आवारात राजपुत्रांसाठी विद्यापीठ सुरू झालं. तेराव्या शतकात सामान्य घरांतल्या हुशार मुलांनाही तिथे प्रवेश मिळू लागला.

शहराच्या मध्यावरच्या होआन किएम तलावापासून अंतर दोनेक किलोमीटर आहे. चालत जाता येतं, पण फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या असतात आणि उन्हाळ्यात घामाने जीव नकोसा होतो. त्यामुळे अ‍ॅपवरून ग्रॅब टॅक्सी घेतलेली बरी. मेट्रोचं कात लिन्ह स्टेशनही जवळ आहे. तिकीट सत्तर हजार डोंग, म्हणजे अडीचशे रुपयांच्या आतबाहेर. दर बदलत असतात, तेव्हा जाण्यापूर्वी बघून घ्या. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. सकाळी दार उघडताच पोहोचलात तर निम्मं सुख तिथेच, कारण नऊनंतर टूरवाल्यांच्या बस येतात.

एकामागोमाग पाच चौक आहेत. पहिल्या दोनांत झाडं आणि हिरवळ, तिथे फार रेंगाळू नका. दुसरा चौक संपतो तिथे खुए वान काक हा लाल लाकडी मंडप आहे. १८०५ मधला हा मंडप तुमच्या खिशातल्या एक लाख डोंगच्या नोटेवरही दिसेल. त्याच्या गोल खिडक्या म्हणजे आकाश आणि पलीकडचा चौकोनी तलाव म्हणजे पृथ्वी, असं गाइड सांगतात.

खरा ऐवज या तलावाच्या दोन्ही बाजूंना आहे. दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या केलेल्या ८२ शिळा. दर तीन वर्षांनी होणाऱ्या राजदरबारच्या परीक्षेत जे सर्वोच्च पदवीला पोहोचले त्यांची नावं गावासकट यांवर कोरली आहेत. हे काम ले थान तोंग या नंतरच्या राजाने १४८४ मध्ये सुरू करवलं. १४४२ ते १७७९ या काळातल्या परीक्षांचे हे निकाल, आणि नावं तेराशेहून अधिक. पहिल्या शिळेवर थान न्यान चुंग या विद्वानाने लिहिलंय की गुणी माणसं हीच राज्याची प्राणशक्ती. हे वाक्य आजही व्हिएतनाममध्ये शाळकरी पोरांना पाठ असतं. पण ती मूळ शिळा मात्र बहुतेकांना वाचता येत नाही. लेख चिनी अक्षरांत आहेत आणि देशाची लिपी आता रोमन. आपल्याकडे मोडीतले कागद घरात असूनही जी गत होते, तीच.

परीक्षेआधी मुलं यशासाठी कासवांच्या डोक्यावरून हात फिरवायची. दगड झिजायला लागले म्हणून आता कठडा घातलाय.

मला मात्र शिळांवर नसलेल्या नावांचं जास्त कुतूहल होतं. बाईचं एकही नाव नाही, कारण परीक्षेला बसायचीच बंदी. गाण्यानाचण्यावर पोट भरणाऱ्यांच्या मुलांनाही मज्जाव होता. दाओ झुई तू हा असाच एका गायकाचा मुलगा. उत्तरेत परीक्षेचं दार बंद, म्हणून तो दक्षिणेत, उत्तरेच्या सत्तेशी वैर असलेल्या न्गुएन सरदारांकडे गेला आणि १६३०-३१ मध्ये त्यांच्यासाठी अशी तटबंदी उभारली की उत्तरेच्या फौजा वर्षानुवर्षं तिथे अडून राहिल्या. गुणांची पूजा करणाऱ्या व्यवस्थेने एक गुणी माणूस शत्रूला फुकटात दिला.

या परीक्षापद्धतीचं मूळ चीनचं. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात सनदी नोकऱ्यांसाठी स्पर्धा परीक्षा आणल्या, त्यामागे चीनचं उदाहरण होतं असं बरेच इतिहासकार मानतात. म्हणजे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जागा धरून बसलेल्या एमपीएससीच्या मुलांचं दूरचं नातं या कासवांशी लागतं. व्हिएतनामने मात्र आपली जुनी परीक्षा १९१९ मध्ये बंद केली.

चौथ्या चौकात कन्फ्यूशियस आणि त्याच्या चार शिष्यांच्या मूर्ती आहेत. उदबत्त्या, फळं, बिस्किटांचे पुडे, सगळं साग्रसंगीत. पाचवा चौक १९४६ च्या लढाईत नष्ट झाला होता. आजची इमारत २००० मधली आहे, हे तिथली चकचकीत फरशीच सांगते. तरी चुकवू नका. तिथे चू वान आन या चौदाव्या शतकातल्या गुरूंची मूर्ती आहे. सात भ्रष्ट दरबाऱ्यांची डोकी उडवा असा अर्ज त्यांनी राजाला केला, राजाने ऐकलं नाही, तेव्हा पद सोडून ते गावाकडे शिकवायला निघून गेले. कन्फ्यूशियसपेक्षा मला हेच जास्त भावले.

दीड ते दोन तास हाताशी ठेवा. ऑडिओ गाइड जरूर घ्या, त्याशिवाय शिळा नुसत्या शिळाच वाटतात. मे-जूनमध्ये पदवी मिळालेल्या मुलामुलींची फोटोंसाठी झुंबड असते. मुली आओ झाय हा पारंपरिक लांब झगा घालून येतात, बघायला छान वाटतं, पण शिळा निवांत बघता येत नाहीत. तेतच्या म्हणजे चांद्र नववर्षाच्या दिवसांत गेलात तर बाहेरच्या वान तलावाकाठी बसलेल्या सुलेखनकारांकडून लाल कागदावर एखादं अक्षर लिहून घ्या. किंमत आधी विचारा. ललितकला संग्रहालय पलीकडच्याच रस्त्यावर आहे, ते त्याच दिवशी उरकता येईल.