जुना वॉशर आणि नवे कार्ट्रिज

आमच्या कराडच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर विजेशिवाय चालणारा पाण्याचा फिल्टर आहे. वरच्या टाकीत ओतलेले पाणी मधल्या कार्ट्रिजमधून आपल्याच वजनाने झिरपत खालच्या टाकीत उतरते. कार्ट्रिजमध्ये सक्रिय कोळसा असतो आणि त्याखाली पोकळ तंतूंचा जुडगा असतो. कोळसा पाण्यातले क्लोरिन आणि वास धरून ठेवतो, तर तंतूंच्या अतिसूक्ष्म छिद्रांत गाळ आणि बहुतेक जंतू अडतात.

आषाढात कृष्णा-कोयनेला तांबडे पाणी आले आणि रात्री काठोकाठ भरलेली वरची टाकी सकाळी अर्धीच उतरलेली दिसू लागली. त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, फिल्टरच्या पाण्यालाही औषधाचा वास येतोय, बघ जरा." मी बाटली लावून वेळ मोजली, तेव्हा एक लिटर पाणी उतरायला चाळीस मिनिटे लागली. पूर्वी हेच काम बारा मिनिटांत होत असे. धार मंदावणे म्हणजे तंतू गाळाने बुजत आल्याची खूण, आणि वास येणे म्हणजे कोळसा संपल्याची. कार्ट्रिजची क्षमता १५०० लिटर लिहिलेली होती. चौघांचे पिणे, चहा आणि स्वयंपाक मिळून रोज दहा लिटर धरले, तर ते १५० दिवसांत, म्हणजे पाच महिन्यांत बदलायला हवे होते. मी ते दिवाळीत बसवले होते. वरून स्वच्छ दिसते म्हणून आठ महिने तेच वापरत राहिले, ही चूक माझीच.

नवे कार्ट्रिज घेताना आमच्या फिल्टरचे मॉडेल, पुड्याचे सील आणि उत्पादनाचा महिना तपासून घेतला. घरी आल्यावर दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या. खालच्या टाकीच्या कोपऱ्यांत बोट फिरवले, तर बुळबुळीत थर हाताला लागला. कोळशाने क्लोरिन काढून घेतल्यावर खाली साठलेल्या पाण्याला जंतूंपासून संरक्षण उरत नाही, त्यामुळे ही टाकी वरच्या टाकीपेक्षाही जपून धुवावी लागते. तोटीसुद्धा सोडवून आतून लहान ब्रशने घासली.

नवे कार्ट्रिज पातेल्यातल्या स्वच्छ, साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवले. कोरड्या कोळशात हवा असते आणि ती निघाली नाही, तर पंप हवा धरतो तसे कार्ट्रिजही हवा धरते आणि पाणी अडून बसते. बुडबुडे थांबल्यावर ते वरच्या टाकीच्या तळाच्या भोकात बसवले आणि खालून नट आवळला. पहिल्या टाकीचे पाणी कोळशाच्या भुकटीने काळपट आले. ते आणि दुसऱ्या टाकीचे पाणी कुंड्यांना घातले.

तिसऱ्या टाकीला मात्र एक लिटर पाणी चारच मिनिटांत उतरले. घरात सगळ्यांना बरे वाटले, पण मला ते पटेना, कारण जुने कार्ट्रिज नवे असतानाही इतके जलद कधी चालले नव्हते. पेला खिडकीशी धरला, तर पाण्यात तांबूस झाक दिसली. म्हणजे पाणी कार्ट्रिजमधून न जाता कुठून तरी बाजूने उतरत होते.

कुठून, हे पाहायला एक साधी युक्ती केली. कार्ट्रिजची पाणी आत घेणारी छिद्रे टाकीच्या तळापासून बोटभर उंचीवर आहेत. वरची टाकी पूर्ण उतरू दिली, ठिबकणे थांबल्यावर खालचा नट फडक्याने कोरडा केला आणि तळात जेमतेम अर्धे बोट पाणी ओतले. हे पाणी छिद्रांपर्यंत पोचतच नव्हते, त्यामुळे खाली एकही थेंब पडायला नको होता. मिनिटभरात नटाच्या कडेला थेंब जमला, गळला आणि त्यामागून दुसरा आला.

नट सोडून कार्ट्रिज उचलले. त्याच्या गळ्याला नवा पांढरा वॉशर होता, तो ठीक होता. मग टाकीच्या भोकाच्या कडेवरून नख फिरवले, तेव्हा टाकीच्याच रंगाचा दुसरा वॉशर सुटून हातात आला. जुने कार्ट्रिज काढताना त्याचा वॉशर तळाला चिकटून राहिला होता आणि धुतानाही नजरेस आला नव्हता. आठ महिने दाबला गेल्याने तो एका बाजूला चपटा, दुसऱ्या बाजूला जाड झाला होता. त्यावर नवा वॉशर सपाट कसा बसणार? नट जितका आवळावा, तितके ते एकमेकांवरून सरकत असणार आणि मधल्या फटीतून कच्चे पाणी थेट खाली जात असणार. घट्ट आवळले म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती. जुना वॉशर मोजून बाहेर काढल्याशिवाय नवे कार्ट्रिज बसवायचे नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि सोबतच्या कागदावरही त्याचा उल्लेख नव्हता.

खालच्या टाकीत आलेले सगळे पाणी ओतून दिले, टाकी पुन्हा धुतली आणि कार्ट्रिज एकाच वॉशरवर बसवले. आधी अर्ध्या बोटाची तीच चाचणी घेतली. दहा मिनिटे नट कोरडा राहिला. मग टाकी भरली. एक लिटरला तेरा मिनिटे लागली, पाण्याला वास नव्हता आणि खिडकीशी धरलेल्या पेल्यात तांबूसपणाही दिसला नाही. पहिला पेला सासूबाईंना दिला. भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशेबाशेजारी, मी त्या दिवसाची तारीख आणि पाच महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवली, आणि दुसऱ्या तारखेखाली "जुना वॉशर काढणे" एवढे जोडले.